बाजूचे दार : तज्ज्ञ, परीक्षा आणि राज्यकारभार

१७ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय लोकसेवा आयोगाने एक जाहिरात प्रसिद्ध केली. केंद्र शासनातील सहसचिव, संचालक व उपसचिव या दर्जाची ४५ पदे बाहेरच्या तज्ज्ञांमधून थेट भरावयाची होती. तीनच दिवसांनी, २० ऑगस्टला, शासनाच्या सांगण्यावरून ती मागे घेण्याचे ठरले. या योजनेला वृत्तपत्रे ‘लॅटरल एन्ट्री’ म्हणतात. आपल्या भाषेत तिला ‘बाजूच्या दाराने प्रवेश’ म्हणता येईल. काकती, बेळगाव, निपाणी या पट्ट्यातील अनेक तरुण स्पर्धा परीक्षांची तयारी करीत असतात. या दारातून कोण व कशा अटींवर आत जातो, हे त्यांनी समजून घेतले पाहिजे. राज्यशास्त्र हा माझ्या अध्यापनाचा विषय नव्हता. तथापि शब्दांच्या अर्थापासून आरंभ करण्याची सवय येथेही उपयोगी पडेल.

‘सनदी नोकर’ या शब्दातील सनद म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीशी केलेला करार. तो करार पूर्वी गुणांवर नव्हे, तर कंपनीच्या संचालकांच्या शिफारशीवर मिळे. काकती ही कित्तूरच्या राणी चन्नम्मांची जन्मभूमी. त्यांच्या संस्थानाचा दत्तकाचा हक्क नाकारला गेला आणि २३ ऑक्टोबर १८२४ रोजी झालेल्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. त्या काळातील कंपनीचे अधिकारी अशा शिफारशींच्या व्यवस्थेतूनच हिंदुस्थानात येत असत. १८५३ च्या सनदी कायद्याने ती व्यवस्था मोडली आणि १८५५ पासून लंडनमध्ये स्पर्धा परीक्षा सुरू झाली. म्हणजे परीक्षा ही मुळात वशिल्यावरचा उतारा म्हणून आली, हे ध्यानात ठेवावयास हवे. अर्थात तो उताराही सर्वांच्या आवाक्यात नव्हता. १९२२ पर्यंत ती परीक्षा देण्यासाठी समुद्र ओलांडावा लागे.

असे असले तरी, परीक्षेच्या वाटेने न आलेल्या जाणकाराला उच्चपदी बसविण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाव कमावलेले अभियंते विश्वेश्वरय्या १९०९ मध्ये म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये तेथील दिवाण. बेळगावात वकिली करणारे अण्णासाहेब लठ्ठे पुढे कोल्हापूर संस्थानच्या दिवाणपदी गेले आणि १९३७ च्या खेर मंत्रिमंडळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. स्वातंत्र्यानंतर अणुऊर्जा खात्याचे सचिवपद होमी भाभांसारख्या शास्त्रज्ञाकडे सोपविले गेले. कोल्हापुरात शिकलेले शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर १९८६ ते १९९१ या काळात विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचे सचिव होते. पुण्यात अभियांत्रिकी शिकून अर्थशास्त्रज्ञ झालेले विजय केळकर पेट्रोलियम सचिव आणि नंतर वित्तसचिव झाले. यांपैकी कोणाच्याही योग्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तेव्हा बाहेरचा मनुष्य नकोच, हा आग्रह इतिहासाला धरून होत नाही.

आजच्या योजनेचा आरंभ २०१८ चा. त्या वर्षी सहसचिवांच्या १० पदांसाठी सहा हजारांहून अधिक अर्ज आले आणि २०१९ मध्ये नऊ जणांची निवड झाली. किमान वय ४० वर्षे, १५ वर्षांचा अनुभव, आणि तीन वर्षांचा करार, जो पाच वर्षांपर्यंत वाढू शकतो, अशा अटी होत्या. २०२४ पर्यंत अशा ६३ नेमणुका झाल्या. सहसचिव हा खात्यातील एका विभागाचा प्रमुख असतो. धोरणाचा मसुदा, मंत्रिमंडळापुढे जाणारे टिपण, खर्चाचा अंदाज हे सारे त्याच्या हाताखालून जाते. विमान वाहतूक किंवा विजेचे दर यांसारख्या विषयात आयुष्य घालविलेला मनुष्य तेथे उपयोगी पडेल, हे कोणीही मान्य करील. दर दोनतीन वर्षांनी खाते बदलणाऱ्या अधिकाऱ्याला तेवढे सखोल ज्ञान मिळविणे कठीण जाते.

मग २०२४ मध्ये आक्षेप कशाला होता? मुख्य आक्षेप आरक्षणाविषयी होता. एकाकी पदाला आरक्षण लागू होत नाही, असा नियम आहे. ४५ पदे एकत्र धरली तर अनुसूचित जातींचे १५ टक्के, अनुसूचित जमातींचे साडेसात टक्के आणि इतर मागासवर्गीयांचे २७ टक्के या हिशेबाने सुमारे बावीस पदे या तीन वर्गांकडे गेली असती. प्रत्येक पद निरनिराळ्या खात्यातील स्वतंत्र पद म्हणून मोजले, की हा हिशेब शून्यावर येतो. नियम शब्दशः पाळला गेला आणि त्याचा हेतू मात्र बाहेर राहिला. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता. एकाच वर्गाच्या हाती सारा कारभार असेल, तर त्या कारभाराला इतरांचे दुःख दिसत नाही, हे त्यांनी ओळखले होते. बाजूच्या दारालाही तोच न्याय लागू होतो.

दुसरा प्रश्न मला याहूनही महत्त्वाचा वाटतो. तज्ज्ञ म्हणावयाचे कोणाला? १९८१ मध्ये निपाणीला तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडले. गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या आंदोलनाचे नेते शरद जोशी हे स्वतः भारतीय टपाल सेवेतील अधिकारी. पुढे स्वित्झर्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत त्यांनी नोकरी केली, ती सोडून पुणे जिल्ह्यातील आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि शेतीचे अर्थशास्त्र मातीत उतरून शिकले. त्यांची सर्व मते आपल्याला पटोत वा न पटोत, कागदावरचे ज्ञान आणि बांधावरचे ज्ञान यांतील अंतर त्यांनी दाखवून दिले. पंधरा वर्षे वखारीत तंबाखूची प्रत पारखणारा किंवा सहकारी संस्था नेकीने चालविणारा मनुष्य आजच्या जाहिरातीच्या भाषेत तज्ज्ञ ठरेल काय? महानगरातील मोठ्या कंपनीचा अधिकारी मात्र सहज ठरतो. परीक्षेत निदान प्रश्नपत्रिका सर्वांना एकच असते. अनुभव मिळविण्याची संधी मात्र सर्वांना सारखी मिळत नाही.

सनदी अधिकाऱ्याच्या कारकिर्दीची पहिली वर्षे जिल्ह्यात जातात. तेथे त्याला स्थानिक भाषा शिकावी लागते, सातबारा वाचावा लागतो, दुष्काळात छावणी उभारावी लागते. आपल्या सीमाभागात तर एकाच गावात दोन भाषांचे अर्ज त्याच्यापुढे येतात. हे शिक्षण सचिवालयात बसून मिळत नाही. बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञालाही त्याचा काही अंश मिळाला पाहिजे.

म्हणून माझ्या मते चार अटी आवश्यक आहेत. पद कोणते आणि खात्यातील मनुष्य त्यासाठी का पुरेसा नाही, हे शासनाने जाहीर सांगावे. निवड लोकसेवा आयोगानेच करावी व निवडीची कारणे प्रसिद्ध व्हावीत. पदे एकत्र मोजून आरक्षण लावावे. आणि नेमलेल्या व्यक्तीने आधी काही महिने जिल्ह्यात काढावेत, तसेच पद सोडल्यावर ठराविक काळ त्याच क्षेत्रातील कंपनीची चाकरी करू नये. या अटी पाळल्या तर बाजूचे दार उघडे राहण्यात राज्याचे हितच आहे. त्या सोडल्या तर त्याचे मागचे दार होण्यास वेळ लागणार नाही, आणि १८५३ पूर्वीची शिफारस नव्या नावाने परत येईल.

या शाळेतील विद्यार्थ्यांनी दोन्ही दारांची माहिती ठेवावी. परीक्षेची तयारी जरूर करावी. परंतु आपल्या गावातील शेती, पाणी, सहकार, भाषा यांपैकी एखाद्या विषयाचे सखोल ज्ञानही मिळवावे. उद्या राज्याला त्या ज्ञानाची गरज पडली, तर ते मागण्यासाठी त्याने काकतीपर्यंत यावे, असा आग्रह धरण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.