यंत्राशी शर्यत नको

गावची पोरे हल्ली दुधाचे पैसे मोबाईलवरच्या शेअरच्या सौद्यांत घालतात. म्हणून आम्ही हे सांगतो.

शेअर म्हणजे कंपनीतला वाटा. पूर्वी मुंबईला दलाल ओरडून सौदे करीत. आता सौदे संगणकावर होतात. मोठ्या पेढ्या आपला संगणक बाजाराच्या संगणकाशेजारीच ठेवतात. लिलावात पुढे उभा असलेला व्यापारी भाव आधी ऐकतो ना, तसेच हे. आपली पापणी लवते, तोवर त्याचा सौदा होऊनही जातो.

६ मे २०१० रोजी अमेरिकेत काही मिनिटांत भाव कोसळले आणि पुन्हा चढले. घाबरून विकणाऱ्यांना तोटा झाला. शांत बसलेले वाचले.

आपल्याकडे सेबी ही संस्था बाजारावर देखरेख ठेवते. तिने २०२४ साली मागच्या तीन वर्षांचा हिशेब मांडला. वायद्याचे व ऑप्शनचे सौदे करणाऱ्या १०० सामान्य माणसांपैकी ९३ तोट्यात गेले. मोठ्या पेढ्यांचा नफा बहुतेक संगणकी सौद्यांतून आला.

मग काय करावे? रोजची उलाढाल करू नये. कर्ज काढून तर नाहीच नाही. शेअर घ्यायचाच तर कंपनी पारखून घ्यावा. आपला भाव आपण ठरवून सांगावा. मग तो वर्षानुवर्षे ठेवावा. यंत्र पळते क्षणाक्षणाला. जो वर्षांच्या हिशेबाने चालतो, त्याला त्या पळण्याचे भय थोडे.