बेंजो आणि त्याचे रुसलेले रसिक

व्याख्यानमालेत संगीतावर बोलायचे म्हणजे भातखंडे-पलुसकरांपासून आरंभ करायचा, असा एक शिष्टसंमत पायंडा आहे. तो आज मी मोडणार आहे. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर, उरणपासून श्रीवर्धनपर्यंत, हळदीच्या रात्री, नारळी पौर्णिमेला, शिमग्याला आणि गणपतीच्या मिरवणुकीत जे वाद्य हमखास कानी पडते, परंतु ज्याच्याविषयी सभागृहात सहसा कोणी बोलत नाही, त्या बेंजोविषयी मला बोलायचे आहे. त्यातही वाद्यापेक्षा त्याच्या चाहत्यांविषयी अधिक. बेंजो पार्ट्यांचा आवाज गेल्या काही दशकांत पुनःपुन्हा बदलला, आणि दर वेळी रसिकांत दोन तट पडले. एक तट म्हणतो, आता खरी मजा आली. दुसरा म्हणतो, आता यात राम राहिला नाही. हे तट पडतात ते कशावरून, एवढेच आज पाहायचे आहे.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊ. नाव सारखे असले तरी अमेरिकेतल्या बँजोशी आपल्या बेंजोचे रक्ताचे नाते नाही. तो बँजो चामड्याने मढवलेला, आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या परंपरेतून घडलेला. आपला बेंजो मूळचा जपानी. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या गृहस्थाने 'ताइशोगोतो' हे वाद्य तयार केले. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, आणि त्या दाबण्यासाठी टंकलेखनयंत्राच्या धर्तीची बटणे. एका हाताने बटण दाबावे, दुसऱ्या हाताने तार छेडावी. हिंदुस्थानात आल्यावर त्याला 'बुलबुलतरंग' असे गोंडस नाव मिळाले. आमच्या वाड्या-पाड्यांतून मात्र ते गोंडस नाव फारसे चालले नाही. तेथे बेंजोच रूढ झाला.

सूर बटणाखाली तयार मिळतो, ही या वाद्याची सोय आणि हीच त्याची अडचण. सनईवाला फुंकीच्या बळावर एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाऊ शकतो. बेंजोवाल्याला पायरीपायरीनेच चढावे लागते. शिवाय तार छेडली की तिचा आवाज लगेच विरू लागतो. तो विरू नये म्हणून वादक एकाच सुरावर भराभर आघात करीत राहतो, आणि त्यातून ती झणझणती, थरथरती लकेर निघते, जी ऐकताच किनाऱ्यावरच्या माणसाचे पाय हलू लागतात. म्हणजे वाद्याच्या उणिवेतून वाद्याची शैली निघाली. आणखी एक गोष्ट. सनई साधायला वर्षे लागतात. बेंजोवर बेताची गाणी काढायला पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतानाचे दिवस पुरतात. हौशी पोरांच्या हाती हे वाद्य गेले ते यामुळे.

पण ते गेले तेव्हाही कुरकुर झालीच असणार, असे मानायला जागा आहे. त्याआधी कोकणात खालूबाजा होता, सनई आणि चामड्याची वाद्ये होती. आणि आगरी लग्नात धवलारीण होती, जी धवले गाऊन लग्नाचे विधी पार पाडते. तिच्या गळ्याला साथीची गरज नसे. अशा कानांना बटणाचे वाद्य परके वाटले तर नवल नाही. याहून मोठ्या दरबारात हाच खटला हार्मोनियमवर चालला होता. गोविंदराव टेंबे स्वतः नाणावलेले हार्मोनियमवादक. त्यांनी चाली दिलेले 'मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आले आणि नाट्यसंगीताला नवे वळण लागले. पुढे बालगंधर्वांच्या गाण्यामागे ऑर्गन वाजत असे आणि प्रेक्षक डोलत असत. तरीसुद्धा आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला बंदी घातली, ती १९७१ साली उठू लागली. आरोप काय होता? सूर ठोकळेबाज, मींड निघत नाही. नेमका तोच आरोप बेंजोवर करता येईल. तीस वर्षे आकाशवाणीने दार लावून घेतले, तरी घरोघरच्या भजनांत पेटी वाजतच राहिली.

दुसरा बदल विजेचा. बेंजोच्या पेटीला ध्वनिग्राहक बसला, कर्णे आले, ढोलकी-ताशाच्या जोडीला ड्रम आले. मग ज्याला सारे जण 'कॅसिओ' म्हणतात तो कीबोर्ड आला, आणि काठीने थोपटले की हव्या त्या वाद्याचा आवाज देणारा ऑक्टोपॅड आला. येथे चाहते खरे दुभंगले.

असे दुभंगणे हा आपलाच दोष आहे, असे मात्र समजू नये. अमेरिकेत १९६५ च्या जुलैमध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्याच भक्तांपैकी काहींनी त्याची हुर्यो केली. पुढच्या पिढीत कॅलिफोर्नियात 'ग्रीन डे' नावाचा तरुणांचा बँड निघाला. पंक या बंडखोर, धसमुसळ्या संगीताला त्यांनी गोड चालींची जोड दिली. त्या प्रकाराला पॉप-पंक म्हणतात. बर्कलेच्या गिलमन स्ट्रीटवरील एका साध्या, स्वयंसेवकांनी चालवलेल्या जागेत ते वाढले. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीशी त्यांनी करार केला, १९९४ साली त्यांची तबकडी अफाट खपली, आणि त्याच जागेची दारे त्यांना बंद झाली, कारण मोठ्या कंपनीच्या बँडला तेथे वाजवू द्यायचे नाही असा नियम होता. पुन्हा तेथे वाजवण्याचा योग २०१५ साली आला. डिलनवरचा राग वाद्याचा होता, ग्रीन डेवरचा बाजाराचा. बेंजो पार्टीला दोन्ही रागांना तोंड द्यावे लागते: कीबोर्ड का आणला, आणि आमच्या आळीची पोरे आता पैशाशिवाय का वाजवीत नाहीत!

या दुसऱ्या तक्रारीत मला फारसा दम दिसत नाही. रात्रभर वाजवणाऱ्याने बिदागी मागितली तर त्यात पाप कसले? पहिल्या तक्रारीचा मात्र विचार केला पाहिजे, कारण ती वरवर वाद्याविषयी असली तरी मुळात वाद्याविषयी नाही.

'मी डोलकर' या गाण्याचेच पाहा. शब्द शान्ता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, गळे लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे. यातले कोणीही कोळीवाड्यातले नव्हे, आणि साथीला शहरी वाद्यमेळ. परकेपणाच्या हिशेबाने हे गाणे किनाऱ्यावर बुडायला हवे होते. ते तर हळदीच्या मांडवात जाऊन बसले. का? माझ्या मते, त्याच्या लयीने ऐकणाऱ्यासाठी जागा मोकळी ठेवली म्हणून. कोळीगीताचा ठेका बहुधा सहा मात्रांचा, वल्ह्यासारखा झोका देणारा असतो. एका झोक्यात पुढे जावे, दुसऱ्यात मागे यावे, आणि मधल्या श्वासात म्हातारीलाही ओळ उचलता यावी, अशी ती चाल. बेंजो आला तेव्हाही हा झोका शाबूत होता. वादक वाजवी, मांडव गाई.

कर्णे वाढले आणि ठेक्याची गती वाढली, तेव्हा हा मधला श्वास नाहीसा झाला. जलद लयीत तरुण उड्या मारू शकतो; पण ओळ उचलून परत देणे कोणालाच जमत नाही, आणि उचलली तरी कर्ण्यापुढे ती ऐकू कोणाला जाणार? काल जी बाई गात होती ती आज श्रोती झाली, आणि धवलारीण तर कोपऱ्यात गेली. जुना रसिक 'सूर बिघडला' असे म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला म्हणायचे असते की माझी जागा गेली. ते त्याला नीट सांगता येत नाही, म्हणून तो बिचारा कीबोर्डला शिव्या देतो.

तरुणांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आगरी-कोळी बोली ही एके काळी शाळेत आणि कचेरीत हसण्यावारी नेली जाई. याच गोंगाटी बाजाने आणि त्यावर बेतलेल्या कॅसेटांनी ती बोली मुंबईच्या वरातीपर्यंत नेऊन पोचवली. वेसाव्याच्या 'वेसावकर आणि मंडळी'ची गाणी परजातीच्या लग्नांतही वाजू लागली. २०१६ साली रवी जाधव यांनी 'बँजो' या नावाचा हिंदी चित्रपटच काढला. चित्रपटाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. पण ज्या पोरांना कालपर्यंत कोणी वादक म्हणत नव्हते, त्यांच्यावर चित्रपट निघावा ही लहान गोष्ट नव्हे. लाज वाटायची त्या बोलीत अभिमानाने ओरडता आले, तर तो मोठा आवाज मी एकदम असंस्कृत ठरवणार नाही.

आता तिसरा बदल चालू आहे, आणि त्यात वादकच नको झाला आहे. ध्वनिक्षेपकांची भिंत उभी करायची आणि मुद्रित गाणी लावायची, याला डीजे म्हणतात. गंमत अशी, की कालचा 'परका' बेंजो त्यापुढे एकाएकी घरंदाज ठरला! कीबोर्डवर रुसलेले आणि कीबोर्डवर नाचलेले, असे दोन्ही तट आता 'निदान बेंजो तरी बोलवा' असे म्हणताना आढळतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीचे मोजके दिवस सरकारने बाराची सवलत दिली तर तेवढीच. हळदीच्या मांडवात दहाचा ठोका पडतो, कर्णे बंद होतात, पोरे हिरमुसतात. अशा वेळी एखादी आजी टाळीवर जुनी ओळ धरते. पुढची ओळ येणाऱ्या बायका मांडवात किती उरल्या आहेत, ते तेव्हा मोजून घ्यावे.