रांगेतली जनुके

कल्याणच्या पुढे दुसरे स्थानक उल्हासनगर. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेले निर्वासित वसले आणि १९४९ साली या वस्तीला हे नाव मिळाले. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाचे वाहक तुलनेने अधिक आढळतात. पण हा विकार कोणा एका समाजाचा नाही. ठाणे-डोंबिवली-कल्याणच्या कोणत्याही शाळेत, दर काही आठवड्यांनी रक्त घ्यावे लागणारे एखादे मूल असू शकते.

या मुलांबाबत एक प्रश्न पडतो. जनुकातला दोष गर्भधारणेपासूनच असतो. तरीही मूल जन्मतः ठणठणीत दिसते आणि साधारण सहा महिन्यांनंतर फिकट पडू लागते. असे का?

उत्तर जनुकांच्या जागेत आहे. हिमोग्लोबिनमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात. अल्फा कुळाची जनुके १६व्या गुणसूत्रावर आहेत. बीटा कुळाची पाच जनुके ११व्या गुणसूत्रावर ओळीने बसली आहेत: एप्सिलॉन, दोन गॅमा, डेल्टा, बीटा. गंमत अशी, की ती याच क्रमाने कामाला लागतात. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत पीतक कोशात एप्सिलॉन, मग यकृतात गॅमा, आणि जन्मानंतर अस्थिमज्जेत मुख्यतः बीटा व थोडे डेल्टा. गॅमा काम करत असते तोवर बीटातला दोष झाकलेला राहतो.

या रांगेच्या सुरुवातीला, एप्सिलॉनच्याही अलीकडे, डीएनएचा एक नियंत्रक पट्टा आहे. फ्रँक ग्रोसवेल्ड व सहकाऱ्यांनी १९८७ साली त्याचे महत्त्व दाखवून दिले. तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींत डीएनए वाकतो, पट्टा एखाद्या जनुकाजवळ येतो आणि ते जनुक जोमाने चालू होते. त्वचेच्या पेशीतही हीच जनुके असतात, पण तिथे हा सारा भाग घट्ट मिटलेला असतो.

पुरावा काय? काही रुग्णांत बीटा जनुक पूर्ण निर्दोष असते, फक्त दूरचा नियंत्रक पट्टा गळालेला असतो. तरी ते जनुक मुकेच राहते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांमध्ये मानवी जनुकांची रांग उलटी बसवली. पट्ट्याजवळ आलेले बीटा भ्रूणावस्थेतच चालू झाले आणि दूर गेलेले एप्सिलॉन गप्प बसले.

जागा महत्त्वाची असली तरी तीच सर्वस्व नव्हे. गॅमाला बंद ठेवणारी प्रथिनेही असतात. त्यांपैकी बीसीएल११ए हे प्रथिन रक्ताच्या मूळपेशींत कमी करून गॅमा पुन्हा जागे करणाऱ्या उपचाराला २०२३ साली ब्रिटनमध्ये मान्यता मिळाली.

वर्गात हे दाखवायला एक दोरा पुरे. त्यात पाच मणी ओवा, टोकाला गाठ मारा आणि दोरा वाकवून गाठ एकेका मण्याला टेकवा. ज्याला गाठ टेकली ते जनुक चालू. आता गाठच कापून टाका आणि विद्यार्थ्यांना विचारा: मणी तर सगळे शाबूत आहेत, मग बिघडले काय?

मोठ्या विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वाहक स्वतः निरोगी असतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला तीव्र आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाच्या रक्तात डेल्टा साखळीचे हिमोग्लोबिन ए-२ सहसा वाढलेले, ३.५ टक्क्यांहून अधिक असते. म्हणजे बीटाचा दोष शेजारच्या डेल्टावरून ओळखता येतो! ही रक्ततपासणी लग्नाआधी करून घेतली, तर पुढचा निर्णय जाणतेपणाने घेता येतो.