दुचाकी उभी करण्याचे मूल्य : भाडे, शुल्क, कर आणि दंड

शहरातील सार्वजनिक रस्त्याच्या कडेला मोटारसायकल उभी करण्याबद्दल पैसे घ्यावेत किंवा कसे, हा प्रश्न प्रथमदर्शनी नगरव्यवस्थेचा आहे; शब्दार्थाच्या अभ्यासकाचा त्याच्याशी काही संबंध असावा असे वाटत नाही. परंतु ह्या प्रश्नावर जेथे वाद उपस्थित झाले, तेथे ते बहुधा एका शब्दाच्या अर्थापाशी येऊन ठेपलेले दिसतात. घेतली जाणारी रक्कम हे जागेचे भाडे आहे, नियमनासाठी आकारलेले शुल्क आहे, कर आहे, की दंड आहे? व्यवहारात हे चार शब्द सैलपणे एकमेकांच्या जागी वापरले जातात, कारण खिशातून जाणारा पैसा तोच असतो. कायद्यात मात्र प्रत्येक शब्दाची कसोटी निराळी आहे, आणि एकाच रकमेला कोणते नाव द्यावयाचे ह्यावर ती घेण्याचा अधिकारच कित्येकदा अवलंबून राहतो.

रकमेकडे वळण्यापूर्वी ज्या वस्तूवर ती बसते तिचे नाव पाहणे इष्ट होईल. 'दुचाकी' हा शब्द मराठीत प्रथम रूढ झाला तो पायाने चालवावयाच्या सायकलसाठी. 'पायगाडी' हा त्याचा जोडीदार. आज पुण्यात 'फक्त दुचाकींसाठी' अशी पाटी वाचणाऱ्याच्या मनात सायकल येत नाही; स्कूटर किंवा मोटारसायकल येते. अर्थसंकोचाचे हे चांगले उदाहरण आहे, आणि तो संकोच निरुपद्रवी नाही. पाटीच्या शब्दार्थाप्रमाणे सायकलस्वाराला त्या रांगेत पूर्ण हक्क आहे. रूढार्थाप्रमाणे तो तेथे आगंतुक ठरतो. कायद्याने हा शब्द टाळला आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमात व्याख्या आहे ती 'मोटारसायकल'ची, आणि जोडगाडीचे अधिक चाक असलेले वाहनही तीत समाविष्ट आहे. म्हणजे तीन चाके असूनही ते वाहन कायद्याने मोटारसायकलच राहते. उलट, २५० वॉटपेक्षा कमी शक्तीचे व ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाचे, विहित अटींत बसणारे विजेवरचे वाहन केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे 'मोटार वाहन'च मानले जात नाही, मग ते दिसावयास हुबेहूब स्कूटरसारखे का असेना. रांगेत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या तीन दुचाकी अशा रीतीने कायद्याच्या तीन निरनिराळ्या कोटींत पडू शकतात. शुल्काचा नियम 'दुचाकी' ह्या एकाच शब्दावर लिहिला, तर तो कोणाला लागू आहे हे पावती फाडणाऱ्याच्या मर्जीवर सोपविल्यासारखे होते.

क्रियापदाचेही तसेच आहे. बोलण्यात 'गाडी लावली' असे म्हटले जाते, सूचनाफलकावर 'वाहन उभे करू नये' असे लिहिले जाते. दोहोंपैकी एकाही क्रियापदात काळाचा निर्देश नाही. दोन मिनिटे सुरू ठेवून थांबलेली गाडी 'उभी'च असते आणि रात्रभर कुलूप लावून ठेवलेलीही 'उभी'च. जर्मनीच्या रस्ता वाहतूक नियमावलीने ही अडचण सरळ आकड्याने सोडविली आहे : वाहन सोडून जाणे किंवा तीन मिनिटांहून अधिक काळ थांबणे म्हणजे वाहन 'पार्क' करणे. चिन्हांच्या भाषेत हा भेद भारतातही आहे. निळ्या वर्तुळावर एकच तिरपी लाल रेघ असेल तर वाहन उभे करून ठेवण्यास मनाई. दोन रेघा एकमेकींना छेदत असतील तर थांबण्यासही मनाई. शब्दांनी जे सांगितले नाही ते एका अधिक रेघेने सांगितले जाते. वाहनचालकांपैकी किती जणांच्या ते लक्षात राहते हा प्रश्न वेगळा.

पुण्यातील 'पी-१' व 'पी-२' ह्या पाट्या ह्या संदर्भात अधिक मनोरंजक आहेत. रस्त्याच्या एका बाजूस विषम तारखांना आणि दुसऱ्या बाजूस सम तारखांना वाहने उभी करावीत, हा त्यांचा अर्थ. परगावाहून आलेल्या माणसाला मात्र तो अनुक्रमांक वाटतो : वाहनतळ क्रमांक एक, वाहनतळ क्रमांक दोन. चिन्ह आणि अर्थ ह्यांतील नाते येथे पूर्णतः संकेताधीन आहे आणि तो संकेत स्थानिक आहे. शिवाय ह्या नियमात एक चमत्कारिक गोष्ट घडते. पाच तारखेच्या रात्री योग्य बाजूस उभी केलेली मोटारसायकल सहा तारखेस नियमबाह्य ठरते. वाहन हललेले नसते, तारीख हललेली असते. एकतीस तारखेनंतर येणारी एक तारीखही विषमच असल्यामुळे त्या वेळी लागोपाठ दोन दिवस एकाच बाजूला मुभा मिळते. नियम करणाऱ्यांनी ही सवलत हेतुपुरस्सर दिली असेल असे वाटत नाही.

आता अधिकाराचा प्रश्न. शहरातील सार्वजनिक रस्ते १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार महानगरपालिकेकडे निहित असतात. परंतु वाहने कोठे व किती वेळ उभी राहावीत हे ठरविण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११७ प्रमाणे राज्यशासनाला किंवा शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला आहे; स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करावयाचा असतो. धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीने वाहन ठेवण्यास कलम १२२ ची मनाई आहे, आणि ते उचलून नेण्याची तरतूद कलम १२७ मध्ये आहे. म्हणजे जागा एकाची आणि ती जागा कशी वापरावी हे सांगणारा दुसरा. ही द्विधा स्थिती नियमांच्या मराठीत कशी लपते हे पाहण्यासारखे आहे. 'मनाई करण्यात येत आहे', 'शुल्क आकारण्यात येईल', 'वाहन उचलून नेण्यात येईल' अशा कर्त्याचा लोप झालेल्या वाक्यांनी आपल्या सूचना भरलेल्या असतात. मनाई कोण करतो, आकारणी कोण करतो, उचलून कोण नेतो? तक्रार घेऊन जाणाऱ्याला उत्तर हवे असते ते नेमके ह्याच प्रश्नाचे. कर्मणी प्रयोग हा शासकीय मराठीचा निव्वळ शैलीदोष मानून सोडून देणे म्हणूनच योग्य नाही.

शुल्क आणि कर ह्यांतील भेद भारतीय न्यायव्यवस्थेत स्पष्टपणे मांडला गेला तो १९५४ साली, शिरूर मठाच्या खटल्यात. कर म्हणजे सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीने घेतलेला पैसा, ज्याच्या मोबदल्यात देणाऱ्याला विशिष्ट लाभ मिळण्याचे बंधन नाही. शुल्क म्हणजे विशिष्ट सेवेच्या किंवा लाभाच्या बदल्यात घेतलेला पैसा. पुढे १९६४ मध्ये कलकत्त्याच्या लिबर्टी सिनेमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. अधिनियमात परवान्यासाठी 'शुल्क' असाच शब्द होता. परंतु मोबदल्यात कोणतीही सेवा नसल्यामुळे ती रक्कम वस्तुतः कर आहे, असा निर्णय झाला. नावावरून वस्तू ठरत नाही, हे तत्त्व न्यायालयाने भाषाशास्त्रज्ञाच्या मदतीवाचून मान्य केले! सेवा आणि शुल्क ह्यांचे प्रमाण तंतोतंत जुळले पाहिजे हा आग्रह उत्तरकालीन निर्णयांत सैल झाला आहे, आणि निव्वळ नियमनासाठी घेतलेल्या शुल्कालाही मान्यता मिळाली आहे. तरी मूळ भेद टिकून आहे.

वाहनधारकांच्या बाजूने नेहमी पुढे येणारा आक्षेप असा की, 'रोड टॅक्स तर आधीच भरला आहे.' हा आक्षेप सर्वस्वी एका लोकप्रचलित नावावर उभा आहे. महाराष्ट्रात मोटारसायकलीच्या नोंदणीच्या वेळी एकरकमी भरावयाचा जो कर आहे, त्याचे अधिकृत नाव मोटार वाहन कर. तो १९५८ च्या अधिनियमाखाली राज्यशासन घेते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील ५७ वी नोंद आहे ती रस्त्यावर वापरण्याजोग्या वाहनांवरील कराची. कर वाहनावर आहे, रस्त्यावर नाही. 'रोड टॅक्स' ह्या नावाने मात्र रस्ताच विकत घेतल्याचा भास होतो, आणि घेतलेल्या वस्तूचे पुन्हा भाडे का द्यावे असे वाटणे मग स्वाभाविक ठरते. आक्षेपात तथ्य नाही असे म्हटले तरी त्यामागील भावना खोटी नाही. ती भाषेने निर्माण केली आहे एवढेच.

हाच वाद लंडनमध्ये झाला. वेस्टमिन्स्टरच्या नगर परिषदेने ऑगस्ट २००८ पासून, तोपर्यंत निःशुल्क असलेल्या मोटारसायकलींच्या राखीव जागांवर प्रायोगिक आकारणी सुरू केली. आरंभी दिवसाला दीड पौंड आणि पुढे एक पौंड. विरोधकांनी आपल्या संघटनेच्या नावातच त्या रकमेला 'कर' म्हटले. हा केवळ घोषणेचा आवेश नव्हता. इंग्लंडच्या १९८४ च्या रस्ता वाहतूक नियमन अधिनियमाखाली स्थानिक संस्थेला आकारणी करता येते ती वाहतुकीच्या नियमनासाठी; महसूल उभारण्यासाठी नव्हे. तेव्हा 'कर' हा शब्द सिद्ध झाला असता तर आकारणीच कोसळली असती. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला तो परिषदेच्या बाजूने : जागेसाठीच्या मागणीचे नियमन हा हेतू ग्राह्य धरला गेला. परंतु तीनच वर्षांनी, २०१३ मध्ये, बार्नेट ह्या लंडनच्याच दुसऱ्या विभागाने रहिवाशांच्या परवान्यांचे दर ४० पौंडांवरून १०० पौंडांवर नेले होते ते न्यायालयाने बेकायदा ठरविले, कारण त्या वाढीचा हेतू अन्य खर्चासाठी शिल्लक निर्माण करणे हा होता. दोन्ही ठिकाणी पैसा तसाच आणि अधिनियमही तोच. फरक पडला तो हेतूने, आणि हेतू शोधला गेला तो परिषदांच्या कागदपत्रांतील शब्दांतून.

पॅरिसचे उदाहरण भाडे आणि शुल्क ह्यांतील भेदासाठी उपयुक्त आहे. तेथे १ सप्टेंबर २०२२ पासून इंधनावर चालणाऱ्या दुचाकींना रस्त्यावर उभे राहण्याबद्दल पैसे पडू लागले. बाहेरून येणाऱ्यांसाठी मध्यवर्ती भागात ताशी ३ युरो आणि उर्वरित भागात २ युरो, म्हणजे त्या वेळच्या मोटारींच्या दराच्या निम्मे. विजेवरच्या दुचाकींना माफी. आता ही रक्कम जागेचे भाडे मानली, तर हिशेब जुळत नाही. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियमावलीत मोटारीसाठी २.५ मीटर गुणिले ५ मीटर आणि स्कूटरसाठी १ मीटर गुणिले २ मीटर जागा धरली आहे. म्हणजे साडेबारा चौरस मीटरांच्या तुलनेत दोन, सुमारे एक-षष्ठांश. इंडियन रोड्स काँग्रेसच्या परिमाणाप्रमाणे दुचाकी ही मोटारीच्या जागेच्या पाव हिश्शाची मानतात. कोणताही मापदंड घेतला तरी निम्मा दर जागेवरून निघत नाही. शिवाय विजेवरची मोटारसायकल जागा काही कमी अडवत नाही. तेव्हा माफीच सांगून टाकते की हे भाडे नसून धूर आणि आवाज ह्यांच्या नियमनाचे शुल्क आहे. दरपत्रकातील अपवाद हे पुष्कळदा नियमाच्या प्रस्तावनेपेक्षा अधिक प्रामाणिक असतात.

फ्रान्सने चौथ्या शब्दालाही हात घातला आहे. १ जानेवारी २०१८ पासून पैसे न भरता वाहन उभे करणे हा तेथे दंडनीय अपराध राहिलेला नाही. दंडाच्या जागी आले ते 'पश्चात् शुल्क' : आधी भरले नाही म्हणून नंतर भरावयाचे, आणि दर स्थानिक संस्थेने ठरवावयाचा. अपराधी नाहीसा झाला आणि त्याच्या जागी थकबाकीदार आला. तक्रारीचे ठिकाण, वसुलीची रीत आणि पैसा जाण्याची तिजोरी, तिन्ही ह्या नामांतरासरशी पालटली.

भारतात धोरणाची भाषा अद्याप ह्या बाबतीत मिश्र आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात वाहनतळाचे शुल्क व्यापलेल्या जमिनीचे मूल्य खरोखर दर्शविणारे असावे असे म्हटले आहे, आणि त्याच ओघात त्या शुल्काने सार्वजनिक वाहतूक अधिक आकर्षक व्हावी असेही म्हटले आहे. पहिला भाग भाड्याचा आहे, दुसरा नियमनाचा. मोटारसायकलीच्या बाबतीत ते दोन्ही एकाच आकड्यात मावत नाहीत. जमिनीच्या मूल्याने दुचाकीचा दर अल्प येतो, तर माणसाला बसकडे वळविण्यासाठी तो बराच अधिक ठेवावा लागेल. पुणे महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेने मार्च २०१८ मध्ये मागणीच्या प्रमाणानुसार शहराचे विभाग पाडणारे वाहनतळ धोरण संमत केले, तेव्हा विरोध प्रखर झाला आणि अंमलबजावणी निवडक रस्त्यांपुरती मर्यादित करण्याची भाषा आली. समर्थक बोलत होते ते नियमनाविषयी, विरोधक ऐकत होते ते कराविषयी. ज्या शहरात सामान्य नोकरदाराचे, विद्यार्थ्याचे आणि घरोघर वस्तू पोचविणाऱ्याचे वाहन दुचाकी हेच आहे, तेथे दर कोणत्या तत्त्वावर काढला हे दरपत्रकातच लिहिणे आवश्यक होते.

रस्त्यावरून उचलून नेलेली मोटारसायकल सोडवून आणणाऱ्याला ह्या शब्दांची गाठ एकाच वेळी पडते. नियमभंगाबद्दल कलम १७७ खालचा दंड, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत. वाहन उचलण्याच्या खर्चाचे शुल्क, जे कलम १२७ प्रमाणे मालकाने दंडाखेरीज वेगळे द्यावयाचे. आणि उचलण्याच्या सेवेवर आकारलेला वस्तू व सेवा कर. ह्यांपैकी दंडाविरुद्ध न्यायालयात जाता येते, शुल्काचा हिशेब मागता येतो, करापुढे इलाज नसतो. ते वेगवेगळे लिहिलेले असले तर निदान कशाबद्दल भांडावयाचे हे तरी त्या माणसाला कळते.