यजमान कोण, पाहुणे कोण?

९ ऑगस्ट म्हटले की मुंबईकराला प्रथम आठवते ते १९४२ सालचे गवालिया टँक मैदान आणि ‘चले जाव’ची हाक. याच तारखेला उपनगरांच्या मधोमध, गोरेगावच्या आरे परिसरात व बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगतच्या पाड्यांतून तारप्याचे सूर ऐकू येतात. बिरसा मुंडा यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, मिरवणूक निघते, फेर धरला जातो. हा जागतिक आदिवासी दिन. रेल्वेमार्गालगतच्या इमारतींत राहणाऱ्या अनेकांना त्याची वार्ताही नसते.

या दिवसाचा उगम जिनिव्हातला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आदिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक ९ ऑगस्ट १९८२ रोजी झाली. तिची आठवण म्हणून आमसभेने डिसेंबर १९९४ मध्ये हा दिवस जाहीर केला. पुढे १३ सप्टेंबर २००७ रोजी आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ मतांनी संमत झाला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड व अमेरिका यांनी त्या वेळी विरोध केला होता. पण त्यांपैकी ऑस्ट्रेलियात दरवर्षी २७ मे ते ३ जून हा सप्ताह मूळ रहिवाशांशी सलोखा साधण्यासाठी पाळला जातो, तर कॅनडात २०२१ पासून ३० सप्टेंबर हा त्यासाठीच राष्ट्रीय दिवस ठरला आहे. झालेला अन्याय मान्य करणे ही सलोख्याची पहिली पायरी, हा विचार या साऱ्यांच्या मुळाशी आहे.

सर्वच भारतीय येथले मूळ रहिवासी आहेत, अशी भारत सरकारची भूमिका आहे. त्यामुळे आपल्याकडे असा सरकारी सलोखा-दिन नाही. तथापि अन्यायाची कबुली मात्र आपल्या कायद्याने दिली आहे. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वनवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ याच्या प्रास्ताविकातच वनवासींवर झालेल्या ‘ऐतिहासिक अन्याया’चा उल्लेख आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर राहणाऱ्या व ती कसणाऱ्या आदिवासींचे हक्क हा कायदा मान्य करतो.

मुंबईत मात्र या कबुलीची वाट अडते. दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते आणि महापालिकेच्या हद्दीत ग्रामसभा कोठून आणावी? दुसरी अडचण जमिनीच्या नोंदीची. आरे दुग्धवसाहत १९४९ साली स्थापन झाली, १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले आणि सुमारे १,२८७ हेक्टर जमीन दुग्धविकास खात्याकडे आली. तेथे २७ पाडे असल्याचे सांगितले जाते. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबे भात, भाजीपाला पिकवतात आणि आपली वस्ती वसाहतीच्या आधीची असल्याचे सांगतात. परंतु कागदोपत्री जमीन ‘वन’ नसेल, तर वनहक्क मागायचा कोणत्या आधारे?

म्हणूनच मेट्रो-३ च्या कारशेडचा वाद केवळ झाडांचा नव्हता. आरेला वन घोषित करण्याची याचिका उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी फेटाळली; त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती ७ ऑक्टोबरला येईपर्यंत २,१४१ झाडे पडली होती. त्याआधीच प्रजापूरपाड्यातील कुटुंबे कारशेडसाठी हलवली गेली होती. सरकारने २०२० मध्ये आरेचा काही भाग राखीव वन करण्याचे ठरवले. कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय मात्र २०२२ मध्ये फिरला. २०२४ मध्ये मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला. प्रवाशांची सोय झाली, हे खरे. तिची किंमत कोणी मोजली, हेही तितकेच खरे.

वारल्यांपाशी सलोख्याची एक जुनी रीत आहे. वाघोबा हा त्यांचा देव. वाघ आणि बिबट्या दोहोंना ते त्याच नावाने ओळखतात. वाघबारसेला त्याला नैवेद्य दाखवतात आणि त्याने माणसांना व गुराढोरांना सांभाळावे, असा हा अलिखित करार आहे. मुंबई उपनगर, ठाणे व पालघर जिल्ह्यांतील वाघोबाच्या स्थानांवरील एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला; या श्रद्धेमुळे बिबट्यांसोबत राहण्याची सहनशीलता टिकून राहते, असे त्यातून दिसते. ‘कधीच काही होणार नाही’ असे हा करार सांगत नाही. रान सर्वांचे आहे आणि प्रत्येकाने दुसऱ्याचा वाटा ठेवायचा, एवढेच तो सांगतो.

शहराने आदिवासींशी असा करार अद्याप केलेला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार उपनगर जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण जेमतेम एक टक्क्याच्या आसपास आहे. मतांच्या हिशेबात ते नगण्यच. वारली चित्रे आपल्या दिवाणखान्यांत व स्थानकांच्या भिंतींवर विराजमान झाली, पण चित्रातल्या माणसाचा सातबारा कोठे आहे, हे विचारणारे थोडे.

९ ऑगस्टच्या फेरात बाहेरचा माणूसही सामील होऊ शकतो. त्याने अवश्य जावे. पण जाताना आपण पाहुणे आहोत हे ध्यानात ठेवावे. पाड्याच्या नावाने हक्काचा कागद निघेल, त्या दिवशी यजमानांचा मान खऱ्या अर्थाने राखला जाईल.