पहिली लाट फेसाची

उत्तर गोव्यात हरमल किंवा आश्वेच्या किनाऱ्यावर सुट्टीत गेलात, तर सर्फिंग शिकवणारे भेटतील. जून ते सप्टेंबर मात्र समुद्र खवळलेला असतो, तेव्हा हा विचारही नको.

नवशिक्याला 8-9 फुटांची मऊ फोमची फळी देतात. लांब-रुंद फळी जास्त तरंगते आणि कमी वेगातही स्थिर राहते. ऐटदार आखूड फळीचा मोह टाळाच. पहिला धडा वाळूवर: पालथे झोपायचे, तळहात बरगड्यांशी टेकायचे आणि एका झटक्यात उभे राहायचे. गुडघे वाकलेले, नजर किनाऱ्याकडे. मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण पायांकडे पाहिले की तोल गेलाच. मग कमरेएवढ्या पाण्यात, फुटून गेलेल्या लाटेच्या फेसावर सराव. तो फेसच फळीला ढकलत नेतो.

फळी आपल्या आणि लाटेच्या मध्ये आडवी धरू नका, लाट ती थेट अंगावर आणते. पडलात तर वर येताना हातांनी डोके झाका. समुद्राकडे ओढणाऱ्या प्रवाहात सापडलात, तर फळी सोडू नका आणि प्रवाहाविरुद्ध पोहत झुंजू नका. किनाऱ्याला समांतर सरका आणि हात उंचावून मदत मागा.