ए-लेव्हल इंग्रजी: वर्गात काय अपेक्षित असते?

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसई परीक्षा झाली की मुले दोन वर्षांच्या ए-लेव्हलकडे वळतात. आपली अकरावी-बारावी साधारण याच वयातली. पण इंग्रजीच्या वर्गाची रीत वेगळी आहे.

इथे ठरावीक पाठ्यपुस्तक नसते. इंग्रजी साहित्य घेणाऱ्याला किमान आठ कलाकृती अभ्यासाव्या लागतात. त्यांतल्या तीन १९०० पूर्वीच्या, त्यांत शेक्सपिअरचे एक नाटक सक्तीचे, आणि एक तरी २००० नंतरची. पाठांतराला फारसा वाव नाही. स्वतःचे मत मांडायचे आणि संहितेतला पुरावा देऊन ते पटवायचे, यालाच गुण मिळतात.

२०१५ पासून लागू झालेल्या रचनेत ८० टक्के गुण दोन वर्षांच्या शेवटी होणाऱ्या लेखी परीक्षेला आणि २० टक्के शाळेत तपासल्या जाणाऱ्या निबंधलेखनाला असतात. काही पेपरांत पुस्तक सोबत नेता येते, मात्र त्यात टिपणे लिहिलेली चालत नाहीत.

निबंध देताना ‘हे काम माझेच आहे’ अशा घोषणेवर विद्यार्थी सही करतो. उचलेगिरी केली किंवा एआयचा मजकूर स्वतःचा म्हणून खपवला, तर गुण जातातच. प्रसंगी परीक्षेतूनही बाद केले जाते.

स्कॉटलंडची परीक्षापद्धती स्वतंत्र आहे. इंग्लंडमध्येही कोणती पुस्तके नेमायची हे शाळेने निवडलेल्या परीक्षा मंडळावर ठरते. म्हणून भारतातून नव्याने आलेल्या पालकांनी पहिल्याच आठवड्यात शिक्षकांकडून मंडळाचे नाव आणि पुस्तकांची यादी मागून घ्यावी.